डबक्यावरची पाटी आणि चौकातील वाट

गाजलेल्या चित्रपटाचे चित्रीकरण जेथे झाले ती जागा पाहण्यासाठी प्रवास करणे, हा प्रकार आता पर्यटन व्यवसायात चांगलाच रुळला असून त्याला ‘सिने-पर्यटन’ असे स्वतंत्र नावही मिळाले आहे. या पर्यटनात विनोदी चित्रपटांच्या स्थळांचा प्रश्न जरा अवघड आहे. पानिपतावर जाणाऱ्याला तेथे खरोखरच काहीतरी घडून गेले आहे याची खात्री असते; विनोदी चित्रपटाच्या छोट्या गावात मात्र काहीच घडलेले नसते. काही आठवडे काही नटांनी काहीतरी घडल्याची बतावणी केलेली असते, आणि तीही बहुधा कोणाचा तरी पाय डबक्यात पडल्याची किंवा नको असलेला ओळखीचा माणूस नेमका वाटेत भेटल्याची. तरीही माणसे शेकडो किलोमीटर प्रवास करून त्या गावी जातात, पदपथावरील एखाद्या पाटीपाशी थांबतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या पाटीकडे वळतात. चाहत्यांचे खूळ म्हणून हा विषय बाजूला सारणे सोपे आहे, आणि खऱ्याखोट्यातील भेद न कळणाऱ्या भाबड्या प्रेक्षकाचे लक्षण म्हणून त्याची टर उडवणे त्याहून सोपे आहे. प्रस्तुत लेखातील मुद्दा निराळा आहे. चांगल्या विनोदी चित्रपटातील विनोद पुष्कळदा गावाच्या रचनेवर, म्हणजे काय कशाच्या शेजारी आहे आणि कोठून कोठे किती पावलांत जाता येते यावर, उभा असतो. त्यामुळे ते गाव पायी फिरणे ही त्या चित्रपटाची एक प्रकारची समीक्षाच ठरू शकते. परंतु पाहुण्यांसाठी अशा गावांत जी व्यवस्था केलेली असते, ती नेमकी ही रचनाच नजरेआड करते.

हे तपासून पाहण्यासाठी ‘ग्राउंडहॉग डे’ या अमेरिकी चित्रपटाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. हॅरॉल्ड रेमिस यांनी दिग्दर्शित केलेला आणि डॅनी रुबिन व रेमिस यांनी लिहिलेला हा चित्रपट फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रदर्शित झाला, आणि २००६ मध्ये जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेतील राष्ट्रीय सूचीत त्याचा समावेश झाला. ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातील, बिळात राहणारा आणि हिवाळाभर शीतनिद्रा घेणारा गुबगुबीत प्राणी. २ फेब्रुवारीला बिळाबाहेर आल्यावर त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे रेंगाळणार आणि न दिसली तर वसंत लवकर येणार, असा एक लोकसमज पेन्सिल्व्हेनिया राज्यात जर्मन स्थलांतरितांबरोबर आला. युरोपात हेच भाकीत बॅजर या प्राण्यावरून केले जाई. पेन्सिल्व्हेनियातील पंक्सटॉनी या गावी १८८७ पासून गॉबलर्स नॉब नावाच्या टेकाडावर या भाकिताचा समारंभ होत आला आहे, आणि उंच हॅट घातलेले मान्यवर गृहस्थ तेथे ‘फिल’ नावाच्या ग्राउंडहॉगचा कौल मोठ्या गांभीर्याने जाहीर करतात. चित्रपटातील फिल कॉनर्स हा पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणी केंद्रावरील शिष्ट हवामान-निवेदक या समारंभाचे वार्तांकन करण्यासाठी नाइलाजाने येतो, हिमवादळामुळे गावात अडकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता घड्याळाच्या गजराने जागा होतो तेव्हा पुन्हा २ फेब्रुवारीच उजाडलेली असते. त्यानंतर रोजच २ फेब्रुवारी उजाडते. आदल्या दिवसाचे सारे फक्त त्याला आठवते. बाकीच्या गावासाठी तो दिवस दर वेळी नवाच असतो. फिलची भूमिका बिल मरे यांनी केली असून त्याची निर्माती सहकारी रिटा हिची भूमिका अँडी मॅकडॉवेल यांची आहे.

चित्रपटातील गाव पंक्सटॉनी असले तरी चित्रीकरण पंक्सटॉनीत झालेले नाही. ते १९९२ मध्ये इलिनॉय राज्यातील वुडस्टॉक या गावात झाले, आणि या दोन गावांच्या मध्ये इंडियाना आणि ओहायो ही दोन अख्खी राज्ये पसरलेली आहेत. (१९६९ मध्ये ज्याच्या नावाने प्रचंड संगीत महोत्सव झाला ते वुडस्टॉक न्यूयॉर्क राज्यातील, त्याचा येथे संबंध नाही.) शिकागोच्या वायव्येस सुमारे ८० किलोमीटरवर असलेले हे गाव मॅकहेन्री परगण्याचे मुख्य ठिकाण आहे. १८४४ मध्ये ते वसले तेव्हा त्याचे नाव सेंटरव्हिल होते, आणि वर्षभरातच ते बदलून व्हर्माँट राज्यातील वुडस्टॉकवरून नवे नाव घेण्यात आले. उसन्या नावाने वावरण्याची या गावाला, असे म्हणायचे तर, जुनी सवय आहे. पंक्सटॉनी हे पिट्सबर्गपासून दूर, डोंगराळ भागात असल्यामुळे मोठ्या चित्रीकरण पथकाला गैरसोयीचे होते. शिवाय तेथे चित्रपटाला हवा तसा मधोमध बाग आणि चारी बाजूंना जुन्या इमारती असलेला चौक नव्हता. वुडस्टॉकमध्ये तो होता. झाडांखाली बँडसाठी बांधलेला मंडप, कडेने विटांचे रस्ते, रस्त्यांपलीकडे एकमेकींना खेटून उभी असलेली दुमजली-तिमजली दुकाने, एका बाजूला १८५७ चे जुने न्यायालय आणि दुसऱ्या बाजूला मनोऱ्याचे ऑपेरा हाउस, असा हा चौक आहे. शिकागोहून येणारी लोकलगाडी चौकापासून थोड्याच अंतरावर उतरवते.

पटकथेच्या दृष्टीने या चौकाचे महत्त्व दिसते त्याहून मोठे आहे, आणि ते कळण्यासाठी चित्रपटाने भूगोलात केलेला एक मोठा फेरफार ध्यानात घ्यावा लागतो. खरे गॉबलर्स नॉब पंक्सटॉनी गावाबाहेर साधारण तीन किलोमीटरवर, झाडीने वेढलेल्या उंचवट्यावर आहे. पहाटेच्या अंधारात लोक तेथे मुद्दाम जातात. चित्रपटाने ते उचलून थेट गावाच्या मध्यावर, बागेत आणून ठेवले. या एका बदलामुळे फिलचा सकाळचा मार्ग पक्का झाला. निवासातून बाहेर पडायचे, भिंतीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्याला टाळायचे, कोपऱ्यावर शाळासोबती नेड रायरसन याच्या तावडीत सापडायचे, त्याच्यापासून सुटताना डबक्यात पाय घालायचा आणि समारंभाच्या जागी पोहोचायचे. नेड हा विमा एजंट आहे, एवढे सांगितले की मराठी वाचकाला त्याच्या स्वभावाचे अधिक वर्णन करायला नको. स्टीफन टोबोलोव्स्की यांनी तो असा रंगवला आहे की त्याचे हास्य लांबून ऐकू आले तरी प्रेक्षकाचे खांदे आक्रसतात.

फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ यांनी हास्यावरील आपल्या १९०० मधील ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, सजीव आणि लवचीक असायला हवे तेथे यांत्रिकपणा दिसला की माणूस हसतो. पुनरावृत्तीचे विवेचन करताना ते रस्त्यातील भेटीचे उदाहरण घेतात: एखादा मित्र रस्त्यात एकदा भेटला तर त्यात हसण्यासारखे काही नाही, परंतु तोच मित्र त्याच दिवशी पुन्हा, तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा भेटला, तर त्या योगायोगाचेच हसू येऊ लागते. नेड रायरसन हे या उदाहरणाचे जणू सचित्र रूप आहे. मात्र बर्गसाँ यांनी ज्याचा फारसा विचार केलेला नाही असा एक घटक येथे पुढे येतो, आणि तो म्हणजे जागा. पुनरावृत्ती हास्यास्पद होण्यासाठी ती टाळता येण्यासारखी दिसली पाहिजे आणि तरीही टळता कामा नये. महानगरात नेडला चुकवायला दहा रस्ते असतात, आणि वाळवंटात नेडच नसतो. ज्या गावात कोठेही जायचे तर चौक ओलांडावाच लागतो, ज्या चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर कोणीतरी ओळखीचे उभे असते, आणि जेथे उशीर झाला म्हणून माणूस फार तर दोन मिनिटे लवकर निघू शकतो, तेथेच ही यंत्रणा चालते. छोट्या गावाचा चौक हा या चित्रपटात निव्वळ देखावा नसून विनोदाचे यंत्र आहे. फिल जसजसा बदलत जातो तसतसा त्याचा त्याच वाटेवरील वावर बदलतो, आणि प्रेक्षकाला वाट तोंडपाठ झालेली असल्यामुळे तो बदल एका पावलावरूनही कळतो. डबक्याला वळसा घालून जाणारा फिल हा आदल्या दिवशीचा फिल नाही, हे सांगायला संवादाची गरज उरत नाही.

वुडस्टॉकच्या चौकात उभे राहणाऱ्याला ही गोष्ट चित्रपटगृहातल्यापेक्षा अधिक स्पष्ट होते. बागेतून ऑपेरा हाउसचा मनोरा मान वर केल्याशिवाय पुरता दिसत नाही, इतका तो जवळ आहे. कथेत निराश झालेला फिल याच मनोऱ्यावरून उडी टाकतो, आणि हीच इमारत चित्रपटात रिटाचे हॉटेल म्हणूनही येते. प्रेमाची जागा, मरणाची जागा आणि नोकरीची जागा अशा तीनही जागा एका हाकेच्या अंतरात असणे, यातच कथेतील कोंडी आहे. पडद्यावर कॅमेरा या जागा वेगवेगळ्या करून दाखवतो, त्यामुळे त्या एकमेकींना किती चिकटून आहेत याचा पूर्ण अंदाज येत नाही. प्रत्यक्षात तो अंदाज पायांना येतो.

अर्थात प्रत्यक्ष भेटीत नेमके उलटही घडते. रशियन दिग्दर्शक आणि सिद्धांतकार लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास एक प्रयोग केला होता, त्यात मॉस्कोच्या रस्त्यांवर भेटलेली पात्रे पुढल्या तुकड्यात वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसकडे पाहतात आणि त्याच्याच पायऱ्या चढत असल्याचे भासते. संकलनाच्या बळावर दूरदूरच्या जागा जोडून पृथ्वीवर कोठेच नसलेले स्थळ निर्माण करण्याच्या या किमयेला त्यांनी सर्जक भूगोल म्हटले. ‘ग्राउंडहॉग डे’मध्ये हे सर्रास घडते. फिल उतरतो ते निवासगृह म्हणून दाखवलेले व्हिक्टोरियन धाटणीचे घर चौकाला लागून नाही, ते काही गल्ल्या दूर, शांत वस्तीत आहे आणि चौकातून दिसतही नाही. त्याचे आतले जिने व खोल्या तर सेटवर उभारल्या होत्या. म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकताच गजबजलेला रस्ता, हा जो अनुभव चित्रपटात दर सकाळी मिळतो, तो वुडस्टॉकमध्ये कोणालाच मिळू शकत नाही. थंडीचा म्हणून दाखवलेला तो एकच दिवस प्रत्यक्षात मार्चपासून जूनपर्यंत पसरलेला होता, आणि उन्हे वाढू लागल्यावर बर्फ बाहेरून आणून टाकावा लागला. ज्या चौकात काळ थांबल्याची कथा घडते त्याच चौकात चित्रीकरणाच्या काळात झाडांना पालवी फुटत होती, ही गोष्ट प्रेक्षकापासून लपवण्यात कॅमेऱ्याचे कितीतरी कष्ट गेले असतील. तेव्हा गावात पायी फिरणाऱ्याच्या पदरी दोन प्रकारचे ज्ञान पडते: चित्रपटाने गावाकडून काय घेतले आणि चित्रपटाने गावावर काय लादले. दुसरे ज्ञान पहिल्याइतकेच मोलाचे आहे, कारण कला कोठे सुरू होते ते त्याच सांध्यावर दिसते.

हे ज्ञान पाहुण्याला मिळते का, याचे उत्तर पदपथावरील पाट्यांत शोधावे लागते. वुडस्टॉकमध्ये चित्रीकरणाच्या महत्त्वाच्या जागांवर छोट्या धातूच्या पाट्या बसवलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत लोकप्रिय पाटी डबक्याच्या जागी आहे आणि तिच्यावर बिल मरे यांनी येथे पाऊल टाकल्याचे नोंदवलेले आहे. तेथून जवळच, ज्या कोपऱ्यावर नेड भेटतो तेथे, ‘नेडचा कोपरा’ अशा अर्थाची दुसरी पाटी आहे. या दोन पाट्या एकापाठोपाठ वाचल्या तर एक मौज लक्षात येते. पहिल्या पाटीला नट आठवतो, दुसरीला पात्र. पाय मरे यांचा भिजला, पण कोपरा मात्र टोबोलोव्स्की यांच्या नावावर न चढता नेडच्या नावावर चढला. एक पाटी चित्रीकरणाच्या इतिहासाची नोंद करते आणि दुसरी कधीच न घडलेल्या घटनेची. दोन्ही एकाच धातूच्या, एकाच घाटाच्या आहेत आणि पाहुणे दोन्हींपुढे सारख्याच भाविकतेने उभे राहतात. डबके अर्थातच आता नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनल यांनी ‘द टुरिस्ट’ या १९७६ मधील ग्रंथात पर्यटनस्थळाची फोड तीन घटकांत केली आहे: पाहणारा, पाहण्याची वस्तू आणि ती वस्तू पाहण्याजोगी आहे असे सांगणारी खूण, मग ती पाटी असो, माहितीपुस्तक असो वा छायाचित्र. त्यांच्या मते खुणेवाचून स्थळ घडत नाही, आणि काही वेळा खूणच वस्तूची जागा बळकावते. डबक्याची पाटी हे त्याचे टोकाचे रूप आहे, कारण तेथे वस्तू उरलेलीच नाही. यावर हसणे सोपे असले तरी मराठी वाचकाने हसण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण अशा खुणांची एक फार जुनी आणि फार गंभीर परंपरा मराठीतच आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे बसले, जेथे राहिले, जेथे निजले, त्या जागा महानुभाव पंथाने काळजीपूर्वक नोंदवून ठेवल्या, त्यांवर ओटे बांधले, आणि ‘स्थानपोथी’ या प्राचीन मराठी ग्रंथात त्या जागांचे वर्णन केले. भक्तीचा विषय आणि करमणुकीचा विषय एका तागडीत घालण्याचा येथे हेतू नाही. तुलना पद्धतीपुरतीच आहे, आणि त्यात वुडस्टॉकची पद्धत उणी पडते. ‘स्थानपोथी’ नुसते स्थान सांगून थांबत नाही. अमुक देवळाच्या अमुक दिशेला, अमुक दाराशी, अशी स्थाने एकमेकांच्या संबंधाने सांगते, त्यामुळे देवळे पडली, गावे उजाडली तरी वाचणाऱ्याच्या मनात त्या परिसराचा नकाशा उभा राहतो. वुडस्टॉकच्या पाट्या सुट्या आहेत. प्रत्येक पाटी आपल्यापुरते बोलते, आणि दोन पाट्यांमधील अंतर, जे खरे तर विनोदाचे अंतर आहे, ते पाहुणा पुढच्या पाटीच्या शोधात मान खाली घालून उरकून टाकतो. वाट सलगपणे चालण्याची सोय फेब्रुवारीच्या आरंभी होते. तेव्हा गावात चित्रपटाच्या नावाने उत्सव असतो, मार्गदर्शकासह पायी फेरी निघते, चित्रपटात ‘अल्पाइन’ म्हणून दाखवलेल्या जुन्या वुडस्टॉक थिएटरात तोच चित्रपट दाखवतात, आणि वुडस्टॉक विली नावाचा स्थानिक ग्राउंडहॉग आपले भाकीत सांगतो.

या उत्सवावर आणि एकूणच अशा गावांवर कृत्रिमपणाचा आरोप नेहमी होतो. चित्रपटासाठी वुडस्टॉकमध्ये टिप टॉप कॅफे उभारण्यात आला तो केवळ सेट होता. पण लोक विचारू लागले तेव्हा त्याच नावाने तेथे खरोखरीचे उपाहारगृह निघाले, आणि काही काळाने ते बंद होऊन दुसरे आले. आयर्लंडमधील काँग या गावी जॉन फोर्ड यांच्या ‘द क्वायट मॅन’ या १९५२ च्या प्रणयविनोदी चित्रपटात जी खानावळवजा मद्यशाळा दिसते ती चित्रीकरणाच्या वेळी किराणा दुकान होती. अनेक दशकांनी ती खरोखर मद्यशाळा झाली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील पेनन या खेड्यात बिल फोर्सिथ यांचा ‘लोकल हिरो’ (१९८३) चित्रित झाला. त्यातील लाल टेलिफोन पेटी ही निव्वळ चित्रीकरणापुरती वस्तू होती, परंतु गावातील खरी पेटी पाहायला इतके लोक येऊ लागले की १९८९ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. त्याच चित्रपटातील समुद्रकिनारा तर देशाच्या दुसऱ्या, पश्चिम अंगाचा आहे. ही उदाहरणे पाहता सत्य आणि बतावणी यांत भिंत घालणारा आरोप फारसा टिकत नाही. ज्या उपाहारगृहात खरी भूक भागते ते खोटे कसे म्हणावे? गावे पूर्वीही आख्यायिकांवरूनच आपली देवळे, दगड आणि तळी ओळखत आली आहेत. आता आख्यायिका पडद्यावरून येते, इतकाच फरक. आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळ्या जागी घ्यावा लागतो: नवी आख्यायिका गावातील दुसऱ्या आठवणींना जागा ठेवते की नाही, या जागी.

त्याकडे वळण्यापूर्वी ज्याचे नाव वापरले गेले त्या पंक्सटॉनीचे काय झाले, हे पाहायला हवे. लोकसंख्या जेमतेम सहा हजार असलेल्या या गावाचे एकही खरे दृश्य चित्रपटात नाही, आणि तरीही चित्रपटानंतर २ फेब्रुवारीला गॉबलर्स नॉबवर येणाऱ्यांची संख्या वाढून गर्दी हजारोंच्या घरात गेली. एरवीच्या दिवसांत ‘फिल’चा मुक्काम गावच्या ग्रंथालयाच्या इमारतीत असतो आणि काचेआडून त्याचे दर्शन घेता येते. म्हणजे चित्रपटाने एका गावाचे शरीर घेतले, दुसऱ्याचे नाव घेतले, आणि पाहुणे दोघांनाही वाटून दिले. हा व्यवहार नेहमीच इतका न्याय्य नसतो. महाराष्ट्रातील वाई हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. प्रकाश झा यांच्या ‘गंगाजल’ (२००३) मधील बिहारचे तेजपूर, आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) मधील उत्तर भारतातील चरणपूर आणि ‘दबंग’ (२०१०) मधील उत्तर प्रदेशातील लालगंज ही तिन्ही गावे पडद्यावर उभी राहिली ती बरीचशी वाई आणि मेणवलीच्या घाटांवर व गल्ल्यांत. कृष्णेचा काठ गंगेच्या मुलखातला म्हणून खपून गेला आणि मराठी प्रेक्षकालाही ते खटकले नाही, यात घाटांच्या बांधणीतील सारखेपणाचा वाटा जेवढा, तेवढाच पडद्यावरील गावाला आपले नाव मागण्याची सवय नसण्याचाही असावा. मेणवलीला ‘स्वदेस’चा घाट म्हणून जाणारे पुष्कळ आहेत. हा घाट आणि त्यावरील वाडा नाना फडणविसांचा, हे त्यांतील अनेकांना तेथे गेल्यावरच कळते. आणि ज्या वाईत लालगंज उभे राहिले त्याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले, हे सांगणारी खूण त्या फेरीत क्वचितच वाट्याला येते.

वुडस्टॉकमध्ये हाच प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तेथे सारे एकाच चौकात आहे. १८९४ च्या पुलमन रेल्वे संपाचे नेते यूजीन डेब्स यांना न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल झालेली सहा महिन्यांची शिक्षा त्यांनी १८९५ मध्ये याच चौकातील तुरुंगात भोगली. तेथील वाचनाने आणि भेटींनी ते समाजवादाकडे वळले, आणि पुढे समाजवादी पक्षातर्फे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी पुनःपुन्हा लढवली. ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर ऑर्सन वेल्स यांनी १९३४ च्या उन्हाळ्यात, पुरती विशीही गाठण्यापूर्वी, नाट्यमहोत्सव भरवला. त्यांचे शालेय शिक्षणही याच गावातील टॉड शाळेत झाले होते. विमा एजंटाच्या कोपऱ्यापासून डेब्स यांच्या कोठडीपर्यंत जायला चौकाची एक बाजूही पुरते. तरीही पाहुण्यांची पावले बहुतांशी डबक्याकडे वळतात. याचा दोष चित्रपटाला देता येत नाही, कारण तुरुंगातील वाचनाचे दृश्य कोणी चित्रित केले नाही आणि न पाहिलेल्या गोष्टीकडे कोणी चालत जात नाही.

परंतु चित्रपटाने गाव वाचवले, असे जे विधान अशा संदर्भात हटकून केले जाते, ते वुडस्टॉकच्या बाबतीत तारखांच्या कसोटीवर उतरत नाही. ऑपेरा हाउस १८८९-९० मध्ये बांधले गेले ते नुसत्या नाटकांसाठी नव्हते. नगरसभा, ग्रंथालय आणि अग्निशामक दल यांनाही त्याच छपराखाली जागा होती. परगण्याचे न्यायालय नव्या इमारतीत गेल्यावर जुने न्यायालय आणि जीर्ण झालेले ऑपेरा हाउस दोन्ही पाडून टाकण्याचा मोह व्हावा असाच तो काळ होता, कारण अमेरिकेतील कित्येक छोट्या गावांनी तेव्हा आपले जुने चौक मोकळे करून वाहनतळ केले. वुडस्टॉकने ऑपेरा हाउसची दुरुस्ती १९७० च्या दशकात केली, आणि संपूर्ण चौकाची नोंद ऐतिहासिक परिसर म्हणून १९८२ मध्ये राष्ट्रीय सूचीत झाली. स्थळशोधक, म्हणजे चित्रीकरणासाठी जागा हुडकणारा माणूस, या चौकात पोहोचला तो त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी. त्याला जे आयते सापडले ते निधी, दुरुस्ती आणि परवाने यांवरील कंटाळवाण्या बैठकांत वर्षानुवर्षे बसलेल्या नगरवासीयांनी राखून ठेवलेले होते, आणि नेडला चुकवू पाहणाऱ्या फिलला पळायला जागा उरली नाही ती या बैठकांमुळे. पदपथावर आणखी एका पाटीला जागा आहे, आणि ती या सभांच्या नोंदवहीतील एखाद्या ठरावाची असायला हरकत नाही.